एक दिवस गोळी, दोन दिवस खाडा

दुधाच्या कॅनचं झाकण उघडल्यावर आतली पहिली हवा ज्या नाकात जाते, त्या नाकाच्या मर्जीवर तो कॅन केंद्रात राहणार की घरी परत जाणार हे ठरायचं. आमच्या दूध केंद्रात ते नाक पारखिणीचं होतं. तिचं खरं नाव हजेरीत असेल, बाकी सगळ्यांच्या तोंडी ती पारखीण. जरा वाकायची, एक हात पाठीमागे धरायची, झाकण कलतं करायची आणि डोळे मिटून श्वास घ्यायची. गाय रानकांदा खाऊन आली आहे, बादली नीट घासलेली नाही, कालचं दूध आजच्यात ओतलं आहे, हे तिला त्या एका श्वासात कळायचं. केंद्रात यंत्रंही होती, काचेची नळी होती, तरंगणारा काटा होता. पण काटा स्थिर होण्याआधी तिची मान हललेली असायची.

"बाई, तुमच्या नाकाला सुट्टी कधी असते हो?" रांगेतला एखादा वैतागून विचारायचा.

"तू बादली घासून आणशील त्या दिवशी," ती म्हणायची, आणि कॅन बाजूला.

एकच गोष्ट तिला वासावरून कळायची नाही, ती म्हणजे गाईला दिलेलं औषध. त्यासाठी केंद्राचा नियम होता. औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल पट्टा बांधायचा. पट्टा आहे तोवर तिचं दूध केंद्रावर आणायचं नाही. औषध संपलं म्हणून पट्टा लगेच सोडायचा नाही. अंगातलं औषध उतरायला मधले दिवस जाऊ द्यायचे आणि तेवढे दिवस दूध वेगळं काढून ओतून द्यायचं. पट्ट्यांचं रीळ पारखिणीच्याच टेबलाच्या खणात असायचं. या नियमात तिनं कधी कुणाची गय केली नाही. सख्ख्या चुलतभावाचे कॅन तिनं परत पाठवले होते, आणि त्यानं पुढे बरेच दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. "लहान मुलं पितात हे दूध," एवढंच ती म्हणाली होती.

अशा बाईला दिवस गेले.

आधी एकदा गेले होते, पण दुसऱ्या महिन्यातच गर्भ पडला होता. का पडला ते कुणाला सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून घरात त्या विषयावर कुणी मोठ्यानं बोलत नसे. म्हणून या खेपेला पहिली उलटी झाली तेव्हा सासूबाई मनातून खूशच झाल्या. पोटात काही आहे, त्याशिवाय का उलटी होते?

पण उलटी थांबेना. सकाळी उठली की उलटी, दात घासले की उलटी, नवऱ्याच्या कपड्यांना सिमेंटचा वास यायचा त्यानं उलटी. नवरा गवंडी. बिचारा अंगणात उघडा होऊन, अंगावर पाणी ओतून मगच घरात पाऊल टाकायचा. तरी ती म्हणायची, "अहो, तिकडेच बसा. साबणाचा वास येतोय."

"मग आता मी काय बिनवासाचा होऊ?"

"होता आलं तर बघा."

केंद्रावर तर परवडच होती. तिचं नाक या दिवसांत इतकं तिखट झालं होतं, की फाटकातून गाडी आत येतानाच कुठला कॅन आंबट आहे ते तिला कळायचं. पण प्रत्येक कॅनला ती मागच्या नळापाशी पळायची. रांग थांबायची. एकदा चांगल्या, ताज्या, कोमट दुधावर वाकली आणि तशीच नळाकडे पळाली. कॅनचा मालक घाबरला. "अहो बाई, दूध चांगलंय ना?" ती नळाजवळून हातानं खूण करत राहिली, चांगलंय, चांगलंय.

कोरडा पाव चाखून झाला, उकडलेला बटाटा झाला, आलं चघळून झालं. पाणी घोटाघोटानं प्यायली तरी परत यायचं. चेहरा उतरला, डोळे आत गेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी नवरा तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, थोडक्यात बोलणाऱ्या. त्यांनी जीभ बघितली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली, वजन केलं. मग गोळ्यांचं पाकीट पुढे ठेवलं. "रात्री झोपताना एक. चावायची नाही, फोडायची नाही, अख्खी गिळायची. झोप येईल, घाबरू नकोस."

"बाळाला चालते ना?"

"चालते म्हणूनच देतेय."

बाहेर बाकांवर गर्दी होती आणि पुढची बाई आत आलीसुद्धा होती. पारखिणीला अजून विचारायचं होतं, पण नक्की काय विचारायचं ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

घरी आल्यावर पाकीट स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं आणि तिघंही त्याच्याकडे बघत बसली. त्या इवल्याशा पाकिटानं घरातल्या सगळ्यांची डोकी फिरवून टाकली.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "ओकत ओकत पोरं झाली आम्हाला."

"म्हणजे घेऊ नको?"

"मी कुठं तसं म्हटलं? डॉक्टरपेक्षा मला जास्त कळतं का? घे की. पण जपून घे."

"गोळी जपून कशी घेतात, आई?"

सासूबाईंनी पाकीट फळीवर जरा आत सरकवलं.

नवरा म्हणाला, "डॉक्टरनं दिलीय म्हणजे घ्यायची, विषय संपला." मग त्यानं पाकिटातला घडीचा कागद उलगडला आणि खिडकीशी नेऊन वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. "झोप येते. तोंड कोरडं पडतं. चक्कर येऊ शकते. गाडी चालवू नये." कागद परत घडी करून त्यानं पाकिटात कोंबला. "नको घेऊस."

"आत्ता घे म्हणालात."

"आत्ता वाचलं नव्हतं."

पारखीण ओट्याला टेकून उभी राहिली. आधीचं पोटातलं गेलं, तेव्हा तिनं कुठलीच गोळी घेतली नव्हती, म्हणजे न घेण्यानं सगळं नीट होतं असंही नाही. आता गोळी घेतली आणि काही झालं, तर ते गोळीनं झालं असं तिला जन्मभर वाटत राहणार. नाही घेतली आणि काही झालं, तर ते उपाशी राहून झालं असं वाटणार. दोन्हीकडून फास होता. मूल मात्र तिला हवं होतं. इतकं हवं होतं की ते हवंसं वाटणंही तिला पेलवत नव्हतं.

तेव्हा माणूस करतो तेच तिनं केलं. ज्या कामात तिला खात्री होती, त्या कामाकडे ती वळली. औषध अंगात जातं, अंगातून दुधात उतरतं, दुधातून पिणाऱ्याच्या पोटात जातं. म्हणून मधे दिवस सोडायचे. इथं दूध नाही, रक्त आहे, पण पिणारा आहेच, आणि तो तर कॅन परत पाठवू शकत नाही. मग एक दिवस गोळी घ्यायची आणि दोन दिवस खाडा. औषध उतरू द्यायचं, मग पुन्हा एक. गोळीही घेतली जाईल आणि बाळही जपलं जाईल. सासूबाई म्हणाल्या तसं, जपून.

दिवसांचा घोळ होऊ नये म्हणून तिनं खणातल्या रिळाचा एक तुकडा कापला. गोळी घेतली की तो लाल पट्टा मनगटाला बांधायचा, खाडा संपला की सोडायचा, नवी गोळी घेतली की पुन्हा बांधायचा. कुणी विचारलं तर मनगट लचकलंय म्हणायचं. घरातही तिनं तेच सांगितलं.

गोळीच्या दुसऱ्या दिवशी ती पेंगायची. केंद्रावर काट्याकडे बघता बघता डोळे मिटायचे. उलट्या मात्र होत्या तशाच. सकाळी ओकून झाल्यावर ती मनगटाकडे बघायची आणि तिला काही उलगडायचं नाही. गोळी झोप आणते, म्हणजे ती अंगात जाते हे खरं. मग उलटी का थांबत नाही? का आपलंच शरीर वेगळं आहे?

डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "गोळी घेतेस ना?"

"घेते."

"रात्रीच?"

"झोपतानाच. अख्खी."

यात खोटं काहीच नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. वजन आणखी उतरलं होतं. त्यांनी सकाळची एक गोळी वाढवली आणि म्हणाल्या, "एवढ्यानंही टिकलं नाही, तर पुढच्या खेपेला दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल. सुईतून दुसरं औषध द्यावं लागेल. लघवी गडद होते का?"

"होते."

"कमी होते?"

"होते."

"हे बरं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि एवढं बोलून त्या पारखिणीच्या पोटाकडे बघत राहिल्या.

घरी येताना ती नवऱ्याच्या मागे गाडीवर बसली होती. सकाळची गोळी वाढली म्हणजे आता खाडा वाढवायचा की कसं, हेच तिच्या डोक्यात चाललं होतं. दुसरं औषध म्हणजे आणखी कडक. त्याला किती दिवस सोडावे लागतील? आणि तेवढ्या दिवसांत आपण काय खाणार?

त्याच आठवड्यात गुरांचा डॉक्टर केंद्रावर आला. पायात गमबूट, खिशात थर्मामीटर, तोंडात सतत बडीशेप. त्याला नवे पट्टे हवे होते. पारखिणीनं खण उघडून रीळ पुढे केलं, तेव्हा बाही वर सरकली.

"हे काय?"

"मनगट लचकलंय."

"लचकलेल्या मनगटाला हा पट्टा?" त्यानं चष्मा नाकावर सारला. "हा माझा पट्टा आहे. मी गाईच्या पायात बांधतो. तुला कुणी बांधला?"

पारखिणीनं बाही खाली ओढली. मग म्हणाली, "मीच."

"औषध चालू आहे तुला?"

"हं."

"आणि दूध कुणाचं वेगळं काढतेस?"

तो गमतीनं बोलला होता. पण तिनं हात पोटावर ठेवला आणि त्याचं हसू ओठांतच राहिलं. टेबलापलीकडची खुर्ची ओढून तो बसला. तिनं सगळं सांगितलं. गोळी, खाडा, पट्टा, परत गोळी. सांगताना तिला पहिल्यांदाच ते विचित्र वाटलं. मनात होतं तोवर किती सरळ वाटत होतं.

"अगं बाई," तो म्हणाला, "हा नियम कुणासाठी आहे? कॅनमधलं दूध पिणाऱ्यासाठी. गाभण गाय आजारी पडली तर मी काय तिला पट्टा बांधून उपाशी ठेवतो? औषध देतो, आणि नेमानं देतो. खाडे केले तर आजार जात नाही. फक्त कुठलं औषध द्यायचं ते पोटातलं वासरू बघून निवडतो. काही औषधं तर गाभण जनावराच्या आसपासही नेऊ देत नाही."

"म्हणजे वासराला जातं ते?"

"थोडंफार जात असेल."

"जातं?"

तो गडबडला. तिला धीर द्यायला निघाला होता आणि नेमकं उलटंच झालं. "हे बघ, मी गुरांचा डॉक्टर. तुझ्या बाबतीत माझं ऐकलंस तर लोक आपल्या दोघांनाही हसतील. आजच्या आज डॉक्टरीणबाईंकडे जा, आणि मला सांगितलंस तसं सगळं सांग. खाड्यासकट."

रीळ न घेताच तो निघून गेला. पारखीण बसून राहिली. नियम चुकीचा नव्हता, तिनं तो इतकी वर्षं पाळला होता. मग ती चुकली कुठं? आणि औषध पोटात जातंच, तर मग तिचं म्हणणं बरोबर होतं की चूक? समोर कॅनची रांग लागली होती आणि तिला एकाही कॅनचा वास घ्यावासा वाटेना.

नवऱ्याला कामावरून बोलावून घेतलं. सिमेंटनं भरलेल्या कपड्यांनीच तो आला आणि वाटेत दोनदा गाडी थांबवावी लागली.

डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कधीपासून असे खाडे?"

"पहिल्या गोळीपासून."

"मी समजत होते गोळी लागू पडत नाही. आज तुला भरती करणार होते. दुसरं औषध सुरू करणार होते." त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "चूक माझीही आहे. गोळी घेतेस का म्हणून विचारलं, रोज घेतेस का म्हणून विचारलं नाही. ऐक आता. ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी नाही, की उलटी आली आणि घेतली. रात्री घेतली की हळूहळू विरघळते आणि सकाळी कामाला येते. रोज घ्यावी लागते, बरं वाटलं तरी. एक दिवस घेऊन दोन दिवस सोडलीस तर झोप तेवढी मिळते, उपयोग होत नाही."

"पोटात जाते का ती? त्याच्या?"

"जाते. थोडी जाते, मी लपवत नाही. पण यात आहे काय, एक जीवनसत्त्व आणि एक झोप आणणारं जुनं औषध. पुष्कळ बायकांनी पुष्कळ वर्षं घेतलंय, आणि त्यांच्या मुलांकडे लोकांनी मुद्दाम बारकाईनं पाहिलंय. इतर मुलांपेक्षा त्यांच्यात काही जास्त वाईट सापडलं नाही."

"म्हणजे काहीच होणार नाही?"

"असं मी कुठल्याच बाळाबद्दल सांगत नाही. गोळी घेणाऱ्या आईच्या नाही आणि न घेणाऱ्या आईच्याही नाही. पण तुझ्या पोटात पाणीसुद्धा टिकलं नाही, तू अशीच वाळत गेलीस, तर तुम्हा दोघांना त्रास आहे, हे मात्र मी नक्की सांगू शकते."

नवरा दाराशी उभा होता. "म्हणजे घ्यायची," तो म्हणाला.

"तुम्ही तर नको म्हणाला होतात," पारखीण म्हणाली.

"मी कागद वाचून म्हणालो होतो."

"आता कागद वाचू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही शंका आली तर मला विचारा."

पारखिणीच्या मनात आणखी एक होतं, ते ती कुणाजवळ बोलली नव्हती. "गोळीनं मला दिवसभर झापड येते. त्यालाही येत असेल. आत पडून राहत असेल नुसतं."

डॉक्टरीणबाईंनी तिला आडवं व्हायला सांगितलं. पोटावर गार काहीतरी लावलं आणि हातातलं छोटं यंत्र फिरवायला लागल्या. आधी नुसती खरखर. मग आणखी खरखर. नवरा दारातून आत आला आणि सिमेंटचा वास त्याच्यामागून आला, पण कुणी त्याला बाहेर पाठवलं नाही. मग अचानक, शिवणयंत्र कुणी घाईनं चालवावं तसा आवाज. टकटकटकटक, दम न घेता.

"हा झोपलाय असं वाटतं का तुला?"

पारखीण हसली. हसता हसता तिला उमाळा आला, आणि ती उठून बसायच्या आत उलटी झाली. डॉक्टरीणबाईंनी भांडं बरोबर वेळेवर पुढे केलं होतं.

त्या दिवशी तिला आतल्या खोलीत सलाईन लावलं. शीर सापडेना. नर्सनं मनगट उलटसुलट केलं, लाल पट्टा मधे आला तो कात्रीनं कापला आणि कचऱ्यात टाकला. हे काय होतं म्हणूनसुद्धा तिनं विचारलं नाही.

घरी आल्यावर ती रोज गोळी घ्यायला लागली. पहिल्या सकाळी उलटी झाली. दुसऱ्या सकाळीही झाली. सासूबाई म्हणाल्या, "रोज घेऊनही तेच." नवरा म्हणाला, "डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, धीर धरा." गोळी तळहातावर घेऊन पारखीण जरा वेळ बघत बसायची, आज तरी चूक होत नाही ना असा चेहरा करून, आणि मग गिळायची.

मग एका सकाळी पाव पोटात राहिला. संध्याकाळी भात गेला आणि टिकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटी. असं खालीवर होत होत उलट्या कमी झाल्या. थांबल्या नाहीत, कमी झाल्या. केंद्रावर ती नळापाशी अजून जायची, पण पळत नाही, चालत. लघवीचा रंग फिकट झाला. बांगड्या मनगटावर यायला लागल्या.

कशानं बरं वाटलं यावर घरात एकमत होईना. सासूबाईंच्या मते आल्यानं. नवऱ्याच्या मते सलाईननं, कारण सलाईनच्या दिवशी तो हजर होता. पारखिणीनं डॉक्टरीणबाईंनाच विचारलं.

"गोळीनं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आणि महिनेही सरले. या सुमाराला बऱ्याच जणींचं आपोआपही कमी होतं. तुझं नेमकं कशानं किती कमी झालं, ते मला वेगळं काढून दाखवता येणार नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही."

पारखिणीला यात का कोण जाणे, बरं वाटलं.

आणखी काही आठवडे गेले, पोट दिसायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता गोळी हळूहळू कमी करायची, आधी सकाळची सोडायची, मग रात्रीची एक दिवसाआड करून बघायची. पारखीण त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मी हेच करत होते, तेव्हा तुम्ही रागावलात."

"तेव्हा उलट्या होत होत्या."

"आणि आता सोडल्यावर परत झाल्या तर?"

"तर परत सुरू करू."

आधी घ्यायला घाबरणारी बाई आता सोडायला घाबरायला लागली. सकाळची सोडली, पण रात्रीची सोडायला तिचा हात होईना. "आज राहू द्या, उद्यापासून बघू," असं ती रोज म्हणायची. नवरा म्हणाला, "तुझं मला काही कळत नाही." ती म्हणाली, "मला तरी कुठं कळतंय."

एका दुपारी केंद्रावरून येऊन ती ओट्याशी उभी राहिली, आणि कालची रात्र तिला आठवेना. गोळी घेतली होती की नव्हती? आज सकाळी उलटी झाली नव्हती. कॅन सगळे तपासून झाले होते, नळापाशी एकदाही जावं लागलं नव्हतं. म्हणजे घेतली असणार. पण घेतली असती तर झापड आली असती, आणि डोकं तर स्वच्छ होतं. तिनं पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं. त्यावरून काही सांगता येत नव्हतं.

"अहो, काल मी गोळी घेतली का?"

"मला काय माहीत? मी झोपलो होतो."

"आई, तुम्ही पाहिलंत का मला घेताना?"

सासूबाई भात वाढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "घेतली असशील, नसशील. ताट वाढलंय, बस आणि जेव."

ती पाकीट हातातच धरून खाली बसली, आणि जेवली.